बुडीत खातं

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत एक गृहस्थ राहतात. राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहेत, तेही थकीत कर्जांच्या विभागात. आठवडाभर इस्त्रीचा फिकट शर्ट, खिशाला पेन, हातात डबा आणि समोरच्याने हप्ता चुकवलाच असणार अशी चेहऱ्यावर कायमची खात्री. रविवारी सकाळी मात्र हेच गृहस्थ काळा टी-शर्ट घालून कोथिंबीर आणायला निघतात. टी-शर्टवर पांढऱ्या क्रुसांचं न संपणारं कबरस्तान आणि वरून त्या क्रुसांच्या दोऱ्या हातात धरलेले दोन पंजे. भाजीवाल्या मावशींनी एकदा हळूच विचारलं, "साहेब, घरात काही वाईट झालं का?" तेव्हा त्यांनी गवार निवडता निवडता मावशींना समजावून सांगितलं, की हा १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स', मेटॅलिकाचा तिसरा अल्बम, आणि जे काही वाईट झालं ते त्याच्यानंतर झालं.

सोसायटीतली पोरं त्यांना मेटलकाका म्हणतात. काकांची आयुष्याबद्दल तशी काही तक्रार नाही. पाण्याचा टँकर, बंद लिफ्ट, लोकलच्या दारातली लोंबकळ, हे सगळं ते पोटात घालतात. तक्रार एकच, आणि ती सातासमुद्रापलीकडच्या चार माणसांबद्दल. त्यांनी बदलायला नको होतं.

हा नमुना फक्त डोंबिवलीत पिकतो असं नाही. जिथे जिथे विजेवरची गिटार पोचली तिथे तिथे एकेक मेटलकाका आहे. पण आपण आपल्या काकांपुरतं पाहू.

ज्यांना या विषयातलं काहीच ठाऊक नाही (सुखी आहात), त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. लार्स उलरिक नावाचा डेन्मार्कचा मुलगा टेनिसपटू व्हायला अमेरिकेत आला. वडील टेनिसपटू, त्यामुळे ते ओघानेच आलं. तिथे त्याने टेनिस सोडलं, ड्रम धरले आणि १९८१ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका जाहिरातींच्या पेपरात 'वाजवणारे पाहिजेत' अशी जाहिरात दिली. तीतून त्याला जेम्स हेटफील्ड भेटला. मेटॅलिका हा बँड उभा राहिला. पहिला अल्बम निघण्याआधीच त्यांनी डेव्ह मस्टेन हा आपला गिटारवाला दारूपायी काढून टाकला. ज्या बँडला चाहते लाडाने 'अल्कोहोलिका' म्हणत, तिथून दारूपायी हाकललं जाणं ही सुद्धा एक कामगिरीच म्हणायची. मस्टेनने त्या रागात मेगाडेथ काढला आणि तो राग पुढे बरीच वर्षं पुरवून पुरवून वापरला.

मग आले काकांचे चार वेद. १९८३ चा 'किल एम ऑल', १९८४ चा 'राइड द लाइटनिंग', १९८६ चा 'मास्टर ऑफ पपेट्स' आणि १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल'. पहिल्यात नुसता वेग. दुसऱ्यात, तिसऱ्यात वेगाबरोबर बांधणी आली, संथ जागा आल्या, आठ-आठ मिनिटांची गाणी आली. चौथ्यात गाणी इतकी गुंतागुंतीची झाली की ती मंचावर वाजवताना वाजवणाऱ्यांनाच कंटाळा यायला लागला. मधल्या काळात, सप्टेंबर १९८६ मध्ये, स्वीडनमध्ये बँडची बस उलटली आणि बेस वाजवणारा क्लिफ बर्टन गेला. चोवीस वर्षांचा होता. इथे काका कुणाला थट्टा करू देत नाहीत आणि मीही करत नाही. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला. चौथ्या अल्बममध्ये त्याच्या बेसचा आवाज इतका खाली ठेवलाय की तो ऐकू येतो असं म्हणणारा माणूस काकांना अजून भेटलेला नाही. काका तर म्हणतात, "क्लिफचं सुतक पाळलंय त्यांनी."

आणि १९९१ साली जवळपास पूर्ण काळ्या मुखपृष्ठाचा, लोक 'ब्लॅक अल्बम' म्हणतात तो अल्बम आला. बॉब रॉक नावाचा नवा निर्माता, छोटी आटोपशीर गाणी, कमी वेग, सफाईदार आवाज. एकट्या अमेरिकेत दीड कोटीहून जास्त प्रती खपल्या. काकांच्या मते त्या दिवशी मेटॅलिका संपली.

काकांचं वर्गीकरण खास बँकेचं आहे. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए. पुढे ते सबस्टँडर्ड, मग डाउटफुल आणि शेवटी लॉस. एनपीए होण्याआधी खातं डळमळायला लागतं, तेव्हा त्याला 'स्पेशल मेन्शन'मध्ये टाकून डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. काकांच्या हिशेबी 'ब्लॅक अल्बम' म्हणजे स्पेशल मेन्शन. "तिथेच लक्ष द्यायला हवं होतं हो," असं ते हळहळून म्हणतात. ऐकणाऱ्याला वाटावं की १९९१ साली सॅन फ्रान्सिस्को शाखेचा चार्ज यांच्याकडेच होता.

आता तारखा जुळवून पाहू. काकांचा जन्म १९७७ चा. 'किल एम ऑल' निघाला तेव्हा ते सहा वर्षांचे होते. 'मास्टर ऑफ पपेट्स' दुकानात आला त्या मार्चमध्ये ते तिसरीच्या वार्षिक परीक्षेसाठी सतराचा पाढा पाठ करत होते. १९८९ च्या ग्रॅमीत हेवी मेटलचं पहिलंवहिलं पारितोषिक मेटॅलिकाऐवजी जेथ्रो टल या बँडला मिळालं. या बँडचा म्होरक्या चक्क बासरी वाजवतो. हे काका आजही इतक्या तळमळीने सांगतात की जणू त्या सभागृहात दुसऱ्या रांगेत होते. त्या वेळी ते सहावीत होते. जेथ्रो टल हे नाव त्यांनी ऐकलेलं नव्हतं. मेटॅलिकाचंही नव्हतं. पण जखम ओली आहे. (१९९२ मध्ये ग्रॅमी मिळालं तेव्हा लार्सने मंचावरून जेथ्रो टलचे आभार मानले, यंदा अल्बम काढला नाहीत म्हणून. खरं तर त्यांनी काढला होता. हे काकांनीच मला सांगितलं. असल्या चुका पकडण्यात त्यांच्यातला तपासनीस खुलतो.)

मग मेटॅलिका काकांच्या आयुष्यात आली कधी? ही माहिती काकांकडून मिळत नाही, काकूंकडून मिळते. १९९२ साली डोंबिवलीत केबल आली होती, स्टार टीव्हीवर एमटीव्ही दिसायचं. शेजाऱ्यांच्या घरी काकांनी पहिल्यांदा मेटॅलिका पाहिली. गाणं होतं 'नथिंग एल्स मॅटर्स'. म्हणजे अल्बम कुठला? तोच. काळा. ज्या दारातून काका घरात शिरले, त्याच दारावर ते आज 'आत येऊ नका' अशी पाटी धरून उभे आहेत.

या गाण्याची गोष्ट मजेदार आहे. हेटफील्ड मैत्रिणीशी फोनवर बोलत होता, एक हात फोनमध्ये अडकलेला, दुसऱ्या हाताने तो मांडीवरच्या गिटारच्या मोकळ्या तारा छेडत बसला, त्यातून सुरुवातीचे सूर निघाले. परिणाम असा, की सुरुवातीचे ते काही सूर वाजवायला डाव्या हाताचं बोट लावावं लागत नाही. जगभरच्या नवशिक्यांना हे गाणं देवाने पाठवलेलं वाटतं ते उगीच नाही. काकांनी गिव्हसन गिटार घेतली आणि पहिलं हेच बसवलं. कॉलेजच्या गॅदरिंगला वाजवलं. काकू तिसऱ्या रांगेत होत्या. पुढचं तुमच्या लक्षात आलंच. "पण पूर्ण गाणं यांनी कधी वाजवलंच नाही हो," काकू सांगतात. "डाव्या हाताचं काम सुरू झालं की थांबायचे आणि म्हणायचे, पुढचं सगळ्यांना माहितीच आहे."

आज काकांसमोर त्या गाण्याचं नाव काढलं तर ते म्हणतात, "ते बायकांसाठी केलंय." काकू चहाचा कप जरा जोरात ठेवतात.

चार वेद काकांनी नंतर मिळवले. कॉलेजच्या एका सीनियरकडे मूळ कॅसेट होत्या. त्यावरून कोऱ्या टीडीके कॅसेटवर कॉपी करून घेतल्या, पुठ्ठ्यावर बॉलपेनने बँडचा टोकदार लोगो काढला आणि पाच-सहा महिन्यांत काका जुने चाहते झाले. धोबीतलावच्या रंगभवनात 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचं तेव्हा तिथे जाऊन आपल्याहून लहान पोरांना ते सांगू लागले, की तुम्ही उशिरा आलात. जुनेपण मिळवायला वय लागत नाही, सूर लागतो. तो काकांना सोळाव्या वर्षीच सापडला होता.

सीनियर तरी निवांत होता का? छे. त्याच्या मते मेटॅलिका १९८४ ला संपली, कारण 'राइड द लाइटनिंग'मध्ये 'फेड टू ब्लॅक' नावाचं संथ गाणं आहे आणि त्याची सुरुवात साध्या अकूस्टिक गिटारने होते. अमेरिकेतल्या जुन्या चाहत्यांनी तेव्हाच 'विकले गेले' अशी बोंब मारली होती. त्याच्याही पलीकडची एक जात आहे. तिच्या मते १९८२ ची 'नो लाइफ टिल लेदर' ही सात गाण्यांची डेमो टेप म्हणजे खरी मेटॅलिका, आणि त्यानंतर स्टुडिओत पाऊल टाकलं तिथेच भ्रष्टाचार सुरू झाला. ही मंडळी भेटली की काकाही जरा बिचकतात. त्यांच्यासमोर ते पुरोगामी ठरतात.

१९९६ च्या जूनमध्ये 'लोड' आला. काकांनी ऱ्हिदम हाउसमधून कॅसेट घेतली, लोकलमध्ये बसून पुठ्ठा उघडला आणि दादरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. बँडने केस कापले होते! चौघांनीही. डोळ्यांत काजळ होतं. टोकदार लोगोची टोकं छाटली होती. मुखपृष्ठावर आंद्रेस सेरानो या कलावंताची एक लालपांढरी प्रतिमा होती, ती कोणकोणत्या द्रव्यांपासून बनवली होती हे या मासिकात लिहिता येणार नाही. कॅसेटमध्ये ७९ मिनिटांचा मजकूर, त्यात ब्लूज, त्यात आईवरचं एक कंट्री गाणं. "कंट्री!" काका आजही हा शब्द उच्चारताना रुमाल शोधतात. पुढच्या वर्षी त्याच रेकॉर्डिंगमधून उरलेल्या गाण्यांचा 'रीलोड' आला. सबस्टँडर्ड आणि डाउटफुल, अनुक्रमे.

माझं स्वतःचं मत विचाराल तर 'लोड' हा वाईट अल्बम नाही. तिशी ओलांडलेल्या माणसांनी विशीतला राग उसना आणून वाजवण्यापेक्षा जे ऐकायला आवडतं ते वाजवून पाहिलं, एवढाच त्यांचा गुन्हा. फक्त ७९ मिनिटं फार झाली. हे मी काकांना एकदा बोलून दाखवलं. त्यांनी माझ्याकडे जामीनदाराकडे बघावं तसं बघितलं.

काकांच्या घरी त्यांचे वडील अण्णा असतात, ऐंशीच्या पुढचे. अण्णा नाट्यसंगीतातले. त्यांची तक्रार बालगंधर्वांबद्दल आहे. नारायणरावांनी १९३५ साली प्रभातच्या 'धर्मात्मा'त पुरुषवेषात एकनाथांचं काम केलं, ते करायला नको होतं, असं अण्णांचं ठाम मत. 'लोड' आला त्या संध्याकाळी बापलेक समोरासमोर बसून जेवत होते. काका म्हणाले, "त्यांनी केस कापले, बाबा." अण्णा म्हणाले, "नारायणरावांनी शालू उतरवला तिथेच संपलं." दोघांचंही एकमेकांकडे लक्ष नव्हतं. अण्णांचा जन्म 'धर्मात्मा'नंतर सात वर्षांनी झालाय. ही तक्रार त्यांना त्यांच्या वडिलांकडून आली, घर आणि तांब्याचा बंब यांच्याबरोबर. वारसाहक्काने मिळालेला गहिवर हाच सगळ्यात टिकाऊ असतो, त्याला वस्तुस्थितीचा वारा लागलेला नसतो.

२००० साली मेटॅलिकाने नॅपस्टरवर खटला भरला. लोक इंटरनेटवरून गाणी फुकट उतरवत होते, आणि लार्सने अशा तीन लाखांहून जास्त वापरकर्त्यांच्या नावांची यादीच कंपनीकडे दिली. काका खवळले. जो बँड चाहत्यांनी एकमेकांना कॅसेट कॉपी करून दिल्या म्हणून मोठा झाला, त्याने चाहत्यांवरच उलटावं? मुद्दा बिनतोड होता. दिवसभर कर्जदारांना नोटिसा पाठवून आलेला माणूस संध्याकाळी "पैसा म्हणजे सर्वस्व नाही" असं म्हणताना ऐकणं हाही एक अनुभव होता. त्या वेळी डायलअपवर एक गाणं उतरायला संध्याकाळ जायची. काकांनी दोन उतरवली होती. त्या यादीत आपलं नाव असणार अशी त्यांना भीती होती, आणि थोडी आशाही.

आणि मग २००३. 'सेंट अँगर'.

या अल्बमबद्दल काका उभ्याने बोलू शकत नाहीत. न्यूस्टेड सोडून गेला होता, हेटफील्ड व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन आला होता, आणि चाळिशीला आलेल्या या दांडग्या माणसांना एका खोलीत बसवून बोलतं करायला महिना ४० हजार डॉलर घेणारा एक समुपदेशक नेमला होता. हे सगळं 'सम काइंड ऑफ मॉन्स्टर' या माहितीपटात आहे. एकमेकांशी भांडणाऱ्या कोणत्याही तीन भावांनी तो जरूर पाहावा. अल्बममध्ये गिटारचा एकही सोलो नाही. वर लार्सने स्नेअर ड्रमच्या तळाच्या तारा ढिल्या सोडलेल्या, त्यामुळे पाऊण तास आणि वर अर्धा तास कुणीतरी गोडेतेलाचा रिकामा डबा बडवतंय असं वाटतं. काकूंनी पहिल्या गाण्याला स्वयंपाकघरातून विचारलं होतं, "अहो, कोण आलंय बघा, भंगारवाला आहे का?" काकांनी टेप बंद केला. लॉस अ‍ॅसेट. शेरा मारला, फाइल मिटली.

पण बँकेत एक गोष्ट असते. खातं राइट-ऑफ केलं तरी वसुली थांबत नाही. काका २००८ ला 'डेथ मॅग्नेटिक' आणायला सगळ्यात पुढे होते. वेग परत आला होता, सोलो परत आले होते, लोगोलाही टोकं फुटली होती. एवढं सगळं मिळाल्यावर माणसाने आनंदी व्हावं की नाही? काकांनी आठवडाभर हेडफोन लावला आणि दोष शोधून काढला: आवाज इतका चढवलाय की तो फुटतो. यात ते एकटे नव्हते. हाच अल्बम 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममध्ये आला होता, तिथला आवाज सीडीपेक्षा साफ होता, आणि जगभरच्या चाहत्यांनी सीडी पुन्हा नीट मिक्स करा म्हणून सह्यांची मोहीम काढली. काकांनी सही केली. त्यांच्या आयुष्यातल्या फार कमी सह्या त्यांनी इतक्या आनंदाने केल्या असतील. "रिस्ट्रक्चर केलेलं खातं आहे," ते मला म्हणाले. "कागदोपत्री सुधारणा दिसते. आतून पोकळ."

२०११ च्या दिवाळीत मेटॅलिका पहिल्यांदा भारतात आली. भाऊबीजेच्या दिवशीचा गुडगावचा कार्यक्रम ऐन वेळी बारगळला, चिडलेल्या लोकांनी मंचाची मोडतोड केली. बहीण ओवाळत होती आणि काकांचं लक्ष टीव्हीच्या पट्टीवर होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चिवड्या-चकल्यांचा डबा घेऊन त्यांनी कल्याणहून उद्यान एक्सप्रेस पकडली. ३० ऑक्टोबर, बंगळुरूचं पॅलेस ग्राउंड्स. जाताना त्यांनी सांगितलं होतं, की १९८८ नंतरचं गाणं लागलं की मी निषेध म्हणून खाली बसणार. बरोबर गेलेल्या सहकाऱ्याने मोबाइलवर काढलेली चित्रफीत मी पाहिली आहे. 'नथिंग एल्स मॅटर्स' चालू आहे. मंच दिसत नाही, हेटफील्ड ऐकू येत नाही. ऐकू येतो तो डोंबिवलीचा एक आवाज, मूळ गाण्याच्या अर्धी मात्रा पुढे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत, एकही शब्द न चुकता. काकांचं म्हणणं, तो दुसराच कुणी आहे.

बँडने त्यांना ते सुख चोवीस तासही लाभू दिलं नाही. ३१ ऑक्टोबरला, काका परतीच्या प्रवासाची तयारी करत असतानाच, 'लूलू' बाजारात आला. लू रीड या बुजुर्ग गायकाबरोबर, एका जर्मन नाटककाराच्या नाटकांवर बेतलेला. त्यात रीड बोलतो, बँड वाजवतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. एका गाण्यात तर हेटफील्ड आपण फर्निचरमधली एक वस्तू असल्याचं वारंवार जाहीर करतो. काका घरी आल्यावर ते गाणं ऐकून त्या रात्री जेवणाच्या टेबलावर बसले नाहीत, ताट घेऊन खाली बसले. "हा फ्रॉड आहे," ते म्हणाले. "हे रिझर्व्ह बँकेला कळवावं लागतं."

एकच अल्बम काकांनी न कुरकुरता स्वीकारलाय, आणि त्याचं श्रेय मेटॅलिकाला देता येणार नाही. 'हार्डवायर्ड' आला १८ नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर दहाव्या दिवशी. त्याच दिवशी नोटा बदलून देण्याची मर्यादा साडेचार हजारांवरून दोन हजारांवर आणली होती. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन, बोटांना शाई लावून, रोकड जुळवून काका रात्री साडेअकराला घरी आले. सोफ्यावर पडल्या पडल्या त्यांनी पहिलं गाणं लावलं. तीन मिनिटं नुसता संताप. संपल्यावर म्हणाले, "बरं आहे." काकूंनी कपाळाला हात लावून ताप बघितला.

२०२२ साली एक वेगळंच संकट आलं. 'स्ट्रेंजर थिंग्ज' या मालिकेत एक पोरगा राक्षसांच्या दुनियेत छपरावर उभा राहून 'मास्टर ऑफ पपेट्स' वाजवतो. छत्तीस वर्षांचं जुनं गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत शिरलं. काकांच्या चौदा वर्षांच्या मुलीने मॉलमधून काळा टी-शर्ट आणला. अगदी तोच, क्रुसांचा. खरं तर बापाने पेढे वाटायला हवे होते. त्यांनी परीक्षा घेतली.

"या अल्बममधली तीन गाणी सांग."

"आठही सांगते बाबा. क्रमाने सांगू का?"

सांगितली. काका हिरमुसले. नव्या पोरांना काही येत नाही हा त्यांचा मोठा आधार होता. बँडने तर या नव्या पोरांचं जाहीर स्वागतच केलं, जुन्या चाहत्यांना न विचारता. मुलीने पुढच्या महिनाभरात सगळे अल्बम पहिल्यापासून ऐकून काढले, ना क्रमाची पर्वा, ना सालाची. तिला सगळे एकाच दिवशी मिळाले होते. एका रात्री जेवताना ती म्हणाली, "बाबा, 'सेंट अँगर'चा ड्रम भारी आहे. म्हणजे घाण आहे, पण खरा वाटतो." काका उठून गॅलरीत गेले. अण्णा पहिल्यांदाच मुलाची बाजू घेत म्हणाले, "आजकाल कुणाला काही धरबंध उरला नाही."

पुढचा अल्बम १४ एप्रिल २०२३ ला आला, '७२ सीझन्स'. आंबेडकर जयंती, बँकेला सुट्टी, काका दिवसभर घरी. नावाचा अर्थ असा, की माणूस घडतो तो पहिल्या अठरा वर्षांत, वर्षाचे चार ऋतू म्हणजे अठरा चोक बहात्तर. (आपल्याकडे सहा ऋतू, म्हणजे १०८ झाले असते आणि थेट जपमाळच झाली असती.) मी काकांना विचारलं, तुमचे बहात्तर कधी संपले? त्यांनी हिशेब केला. १९९५. 'लोड'च्या आदल्या वर्षी. ते जरा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "बघा, म्हणजे मी म्हणत होतो ते बरोबरच होतं."

त्याच दुपारी काकूंनी कपाट आवरायला काढलं होतं. काकूंना हिशेबाची आवड आहे. त्यांनी 'लोड'पासून '७२ सीझन्स'पर्यंतचं सगळं एका बाजूला लावलं. कॅसेट, सीडी, डीव्हीडी, 'लूलू'सुद्धा. सगळं मूळ, सगळं पहिल्या आठवड्यात घेतलेलं, पावत्या आत. दुसऱ्या बाजूला चार टीडीके कॅसेट, बॉलपेनच्या लोगोच्या.

"अहो, म्हणजे जे आवडत नाही त्याचे सगळे पैसे दिलेत, आणि जे आवडतं ते फुकट ऐकताय," काकू म्हणाल्या. "ही थकबाकी तर तुमचीच निघाली की. किती वर्षांची झाली?"

थकीत कर्जांच्या अधिकाऱ्याला उत्तर सुचलं नाही. पुढच्या आठवड्यात घरी कुरिअर आलं. चार अल्बम, चार सीडी, बँडने नव्याने रीमास्टर करून काढलेल्या. काकांनी पूर्ण किंमत भरली, घासाघीस केली नाही. रविवारी चारही सलग ऐकल्या.

त्यांच्या मते कॅसेटवरचा आवाज बरा होता.